हेअरवुडचं टेबल आणि उडालेली हळद

इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशरमध्ये, लीड्स शहराच्या पूर्व कडेला टेंपल न्यूसम नावाचा जुना वाडा आहे. तिथल्या एका टेबलाबद्दल मला लिहायचं आहे. लांबीला सुमारे दोन मीटर, खाली दोन्ही बाजूंना कपाटासारखे बैठे खांब, मध्ये पाय घालून बसायला मोकळी जागा. अंगभर शिसवी लाकडाचं पातळ कातडं आणि त्या काळ्या-तांबूस जमिनीवर फिकट लाकडांतून भरलेले कलश, पानाफुलांच्या माळा, झालरीसारखे लोंबते हार. कडांना सोनेरी धातूचे दागिने. थॉमस चिपेंडेल या अठराव्या शतकातल्या नामवंत फर्निचर-कारागिराच्या लंडनमधल्या कारखान्यात १७७० च्या आसपास ते तयार झालं, ते हेअरवुड हाउस या हवेलीच्या ग्रंथालयासाठी.

१९६५ साली क्रिस्टीजच्या लिलावात ते ४१,००० गिनींना गेलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा पौंडांत धरली तर रक्कम होते ४३,०५०. इंग्लिश फर्निचरच्या एका नगाला तोवर एवढा भाव आला नव्हता. आणि ते गेलं कुठे, तर कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात नाही, लीड्सच्या नागरी संग्रहात.

लाकडी सामानाची दुरुस्ती हा माझा धंदा. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांतून आलेली टेबलं, दिवाण, कपाटं, आरामखुर्च्या हे माझं रोजचं काम. हेअरवुडचं टेबल मी दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा मनात एकच प्रश्न घेऊन परतलो: या टेबलाचं जे झालं, म्हणजे ते घरातून निघालं, विकलं गेलं, दुसऱ्या वाड्यात ठेवलं गेलं, रंग उडालेल्या अवस्थेतच जपलं गेलं, ते त्याच्या भल्याचं झालं का? गिऱ्हाइकाला मी रोज जे सांगतो, त्याच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. म्हणून हे प्रकरण नीट मांडून पाहतो.

टेबल कशासाठी होतं

ग्रंथालयाचं टेबल म्हणजे भिंतीला टेकवलेलं लिहिण्याचं टेबल नव्हे. ते खोलीच्या मधोमध उभं असतं. त्याच्यावर मोठाले नकाशे पसरायचे, हातभर उंचीचे ग्रंथ उघडून ठेवायचे, जमिनीचे कागद तपासायचे. मध्ये असल्यामुळे त्याला पाठ नसते. चारही बाजूंनी ते दर्शनी असावं लागतं. सुताराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडचं बहुतेक सामान मागून कच्चं असतं, कारण मागे भिंत येणार हे ठरलेलं. इथे लपवायला एकही बाजू नाही, त्यामुळे मजुरी जवळपास दुप्पट.

तुलनेसाठी दुसरं एक टेबल फार उपयोगी पडतं. त्याच यॉर्कशरमध्ये, वेकफील्डजवळ, नॉस्टेल नावाची हवेली आहे. तिच्या मालकासाठी चिपेंडेलने १७६७ मध्ये असंच ग्रंथालयाचं टेबल केलं. त्याचं बिल शाबूत आहे: ७२ पौंड १० शिलिंग. लाकूड महोगनी, सिंहाची मुखं आणि पंजे कोरलेले, दारांवर लंबगोल नक्षी, वरती काळं कातडं. या दोन टेबलांत थोड्या वर्षांचंच अंतर आहे, पण काम करण्याची रीत पार बदललेली. नॉस्टेलचं टेबल कोरीव आहे. पटाशीने खोल जायचं, सावली पाडायची, लाकूड एकाच रंगाचं. हेअरवुडचं टेबल सपाट आहे. तिथे सगळं चित्र रंगाने उभं केलेलं. प्राचीन रोमच्या नमुन्यांची लाट तेव्हा इंग्लंडभर आली होती, हेअरवुडच्या आतल्या सजावटीची आखणी वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमची होती, आणि चिपेंडेल त्या नव्या चालीत सहज उतरला. ज्या नमुना-ग्रंथाने १७५४ मध्ये त्याला नाव मिळवून दिलं, त्याच्या १६० पानभर चित्रांत या तऱ्हेचं जडावकाम शोधायला जाऊ नये.

दुसरा फरक असा की नॉस्टेलचं टेबल अजून नॉस्टेललाच आहे. हवेली १९५० च्या दशकात नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेली. हेअरवुडच्या टेबलाला मात्र दार ओलांडावं लागलं.

एक पाकळी कशी होते

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचा सगळा निकाल या कामाच्या जातीवर आहे.

जडावकाम म्हटलं की आपल्याला वाटतं, लाकडात खाच खोदली आणि तुकडा बसवला. तशीही पद्धत आहे. पण या टेबलावर आहे ती मार्केट्री. तिच्यात खालचं टेबल साध्या लाकडाचं असतं, आणि वरचं संपूर्ण चित्र, जमिनीसकट, पातळ पत्र्यांचं. वेगवेगळ्या लाकडांचे पत्रे एकावर एक रचायचे, वर नक्षीचा कागद चिकटवायचा, केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने सगळे थर एकदम कापायचे. मग या थरातली पाकळी त्या थराच्या भोकात. सुटे तुकडे जुळवून कागदावर डकवायचे, आणि अखंड चित्र गरम सरसाने टेबलाच्या अंगावर बसवून दाबाखाली ठेवायचं.

पाकळीला गोलाई कशी येते? रंगाने नाही. लोखंडी तव्यात वाळू तापवतात, चणे-फुटाणे भाजणाऱ्याच्या कढईत असते तशी, आणि पाकळीची एक कड चिमट्याने धरून तिच्यात क्षणभर बुडवतात. वाळूत जितकं खोल, तितकं जास्त करपतं. त्यामुळे कडेला गडद आणि आत फिकट होत जाणारी छटा आपोआप मिळते. एक क्षण जास्त झाला तर तुकडा आक्रसतो आणि भोकात सैल बसतो. मी स्वतः हे करून पाहिलं आहे. पहिल्या वीस पाकळ्यांतल्या चौदा टाकाव्या लागल्या. शेवटी शिरा आणि बारीक रेषा टोकदार हत्याराने कोरून त्यांच्यात काळा मसाला भरायचा. हे सगळं चिपेंडेलने स्वतः केलं असं कुणी समजू नये. सेंट मार्टिन्स लेनवरच्या त्याच्या कारखान्यात माणसं बरीच होती. १७५५ साली तिथे आग लागली, तेव्हा बावीस कारागिरांच्या हत्यारपेट्या जळाल्याची नोंद आहे. पाकळ्या कापणारे हात असेच कुणाचे तरी, बिलावर नाव मालकाचं.

आता जाडीचा मुद्दा. त्या काळी पत्रे हाताने करवतून काढत, जाडी साधारण दीड-दोन मिलिमीटर. आज आपण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जो व्हेनियर आणतो, तो अर्धा मिलिमीटर. कोरलेल्या शिरा मात्र जुन्या कामातही अगदी वरवरच्या असतात.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक इंग्लिश टेबल आलं होतं. हेअरवुडच्या तोडीचं नव्हे, शंभरेक वर्षं नंतरचं, पण चारही बाजूंनी भरलेलं. माझ्याआधी ते एका पॉलिशवाल्याकडे जाऊन आलं होतं. डाग काढायचे म्हणून त्याने वर घासायचं मशिन फिरवलं होतं. टेबल चकचकीत झालं होतं. पण फुलांना शिरा नव्हत्या. पानं नुसते पिवळट ठिपके झाले होते, आणि एका कोपऱ्यात पत्रा संपून खालचं पाइन लाकूड दिसत होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळेला यात एक पक्षी होता हो." मी भिंग घेऊन अर्धा तास बसलो. चोचीची तेवढी रेघ सापडली.

हळद, नीळ, हिराकस

हेअरवुडसारखं टेबल आज पाहणाऱ्याला ते मध, तपकिरी आणि काळ्या रंगांचं वाटतं. शांत, भारदस्त, वयस्कर. आपण त्यावरच भाळतो. पण नवं असताना ते असं नव्हतं. चिपेंडेलच्या मार्केट्रीत रंगवलेली लाकडं आहेत, आणि झाकल्या राहिलेल्या जागी, उजेड न पोचलेल्या कोपऱ्यांत अशा कामाचे मूळ रंग अजून सापडतात: हिरवी पानं, लाल-गुलाबी फुलं, पिवळे हार, रुपेरी जमीन.

हे रंग कशाचे? त्या काळच्या इंग्लिश कृती वाचल्या तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरात आणि काष्ठौषधीच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटलं. पांढरं लाकूड पिवळं करायला हळद, स्पिरिटात भिजवलेली: पाइंटभर स्पिरिटाला औंसभर पूड. निळ्याला नीळ. लालसाठी ब्राझीलवुड, म्हणजे आपल्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचाच भाऊबंद. आणि सिकॅमोर नावाचं दुधी लाकूड रुपेरी राखाडी करायला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. हिराकशीने राखाडलेल्या या लाकडाला धंद्यात हेअरवुड म्हणतात, आणि त्या नावाचा या हवेलीशी काही संबंध नाही. मीही पहिल्यांदा फसलो होतो.

मी मेपलच्या व्हेनियरच्या पट्ट्या आणल्या. सिकॅमोर मेपलच्याच कुळातलं, म्हणून. एक पट्टी हिराकशीच्या पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी ती जुन्या रुपयासारखी राखाडी, आत हलकी चमक. दुसरी पट्टी पॉलिशच्या स्पिरिटात कालवलेल्या हळदीने तीनदा रंगवली. लग्नातल्या हळदीसारखा रंग आला, डोळ्यांत भरणारा. ती अर्धी पुठ्ठ्याने झाकून एप्रिलच्या उन्हात खिडकीत ठेवली.

हळदीचं उन्हात काय होतं हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. वरणाचा डाग पडलेला टेबलक्लॉथ धुऊन उन्हात टाकला की तो जातो. आठव्या दिवशी उघडी बाजू फिकी पडली होती. महिन्याने ती कोऱ्या लाकडासारखी, आणि झाकलेली बाजू अजून पिवळीधमक. मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

हेअरवुडसारखं काम दोनशे वर्षं खिडक्यांच्या उजेडात उभं राहिलं, तेव्हा काय झालं असेल ते या पट्टीवरून कळतं. पिवळा आधी जातो. हिरवा निळा पडतो, मग मातकट. रुपेरी जमीन तपकिरीकडे झुकते. उरतो तो मूळ लाकडांमधला फरक.

साखर

टेबलाचे पैसे कुठून आले, हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही.

हेअरवुडची जमीन घेणारे हेन्री लॅसेल्स यांची संपत्ती कॅरिबियन बेटांच्या व्यापारातून आली होती: बार्बाडोस, साखर, गुलामांचे मळेवाल्यांना विकलेले ताफे, मळ्यांवर दिलेली कर्जं. त्यांचा मुलगा एडविन याने १७५९ पासून हवेली बांधायला घेतली, आणि चिपेंडेलला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिथे मिळालं. पुढे १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली, तेव्हा सरकारने मालकांना भरपाई दिली. लॅसेल्स घराण्याला पुढे अर्ल ही सरदारकी मिळाली होती; त्यातल्या दुसऱ्या अर्लला १,२७७ माणसांपोटी सुमारे २६,३०० पौंड मिळाले. त्या १,२७७ जणांना काही मिळालं नाही.

मी कारागीर आहे. पाकळीची करपलेली कड पाहून माझा हात जोडला जातो. पण हा आकडा कळल्यापासून त्या टेबलासमोर उभं राहणं पूर्वीसारखं राहिलं नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. घराण्याच्या आजच्या पिढीने हा इतिहास उघडपणे मांडला आहे, याचं मला मोल वाटतं. टेबलाच्या शेजारच्या माहितीतही साखरेचा उल्लेख लाकडाच्या उल्लेखाइतकाच ठळक हवा.

चिपेंडेलचंही फार भलं झालं नाही. बडी गिऱ्हाइकं पैसे थकवायची. नॉस्टेलच्या मालकाला त्याने उधारीसाठी लिहिलेली आर्जवाची पत्रं आजही वाचायला मिळतात. १७७९ मध्ये तो गेला, आणि १८०४ मध्ये मुलाचं दिवाळं वाजलं.

वीस किलोमीटरचा प्रवास

१९४७ साली सहावे अर्ल वारले आणि वारसा कराचा मोठा बोजा इस्टेटीवर आला. जमिनी गेल्या, चित्रं गेली, सामान गेलं. १९६५ च्या लिलावात टेबल आलं ते या ओघात. तेव्हाचे अर्ल जॉर्ज लॅसेल्स यांना दोष द्यायला मी धजत नाही. छप्पर राखायचं तर आतलं काही तरी विकावं लागतं, हे कोकणातल्या आणि देशावरच्या वाड्यांनीही पाहिलं आहे. तिथे झोपाळ्याच्या कड्या आणि महिरपी आधी जातात.

टेबल परदेशी जाण्याचा धोका खरा होता. तो टळला आणि ते हेअरवुडपासून वीसेक किलोमीटरवर, त्याच परगण्यात राहिलं. चिपेंडेलचं जन्मगाव ऑटली तिथून फार लांब नाही. १७१८ मध्ये तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला.

टेंपल न्यूसमची गोष्टही सांगायला हवी, कारण तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. हा वाडा एडवर्ड वुड यांच्याकडे वारशाने आला होता. १९२२ मध्ये तो त्यांच्याकडून लीड्स शहराकडे आला आणि आतलं बरंचसं सामान त्यांनी लिलावात काढलं. हेच एडवर्ड वुड चार वर्षांनी लॉर्ड आयर्विन म्हणून भारताचे व्हाइसरॉय झाले. दर पावसाळ्यात बातम्यांत कृष्णेची पातळी ज्या आयर्विन पुलावर मोजली जाते, त्या सांगलीच्या पुलाला नाव यांचंच. शहराच्या हाती आला तो मोठा, सुंदर आणि बहुतांशी रिकामा वाडा. पुढची कित्येक दशकं लीड्सच्या लोकांनी तो एकेक वस्तू मिळवून भरला. ४१,००० गिनींचं टेबल हा त्यातला मोठा घास.

एखाद्या नगरपालिकेने एका टेबलासाठी एवढे पैसे का द्यावेत, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्या पैशात शाळा होतात, गटारं होतात. माझं उत्तर पुढे काय घडलं त्यावर आहे. टेंपल न्यूसम हे चिपेंडेलच्या अभ्यासाचं मोठं ठाणं झालं. तिथल्याच एका क्युरेटरने बिलं, पत्रं आणि प्रत्यक्ष वस्तू जुळवून १९७८ मध्ये चिपेंडेलच्या कामाचा दोन खंडांचा अभ्यास छापला. चिपेंडेल सोसायटीचा संग्रहही त्याच वाड्यात मांडला गेला. कोणता नग खरोखर त्याच्या कारखान्यातला आणि कोणता नुसता त्याच्या तऱ्हेचा, हे ठरवायला कागद लागतात आणि ज्याचा उगम पक्का आहे अशी वस्तूही लागते, जिचा खण बाहेर काढून पाहता येईल. खाजगी दिवाणखान्यातलं टेबल असं कुणाला उलटंपालटं करू देत नाहीत.

गमावलं तेही सांगतो. टेबल त्या खोलीसाठी होतं. भिंतीवरची नक्षी, छताची आखणी आणि टेबलावरचे कलश ही एकाच हाताची भाषा होती. टेंपल न्यूसममध्ये ते पाहुणं आहे. मी तिथून हेअरवुडला गेलो, तिथे अजून उरलेलं चिपेंडेलचं सामान पाहिलं, विशेषतः १७७३ मधलं डायना आणि मिनर्व्हा या रोमन देवतांच्या आकृतींचं कमोड (म्हणजे इथे दिवाणखान्यातलं बुटकं, सजवलेलं कपाट), ज्याचं बिल ८६ पौंडांचं होतं. ते आपल्या घरात उभं आहे, आणि ते लगेच जाणवतं. ही भरपाई ४१,००० गिनींनी होत नाही. तरी माझा कौल लीड्सच्या बाजूने आहे. खोलीपासून तुटलेलं पण कुणालाही समोर उभं राहता येईल असं टेबल मला, खोलीसकट बंद दारामागे राहिलेल्या टेबलापेक्षा, जास्त जिवंत वाटतं.

रंग परत आणायचा का

माझ्या धंद्याच्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय लिलावाचा नाही. टेबल पुन्हा रंगवलं गेलं नाही, हा आहे.

करता आलं असतं. वरचा थर खरवडला की खाली रंग थोडा ताजा निघतो. पूर्वी पुष्कळ ठिकाणी असंच करत. पण खरवडताना शिरा जातात, आणि शिरा गेल्या की पान जातं. शिवाय वर आलेला नवा पिवळाही पुन्हा उडणारच. तेव्हा जुन्याला हात न लावता बाजूला नवी प्रतिकृती करायची, ताज्या हळदीची आणि हिराकशीची, हाच मार्ग मला पटतो. डायना-मिनर्व्हाच्या कमोडच्या मार्केट्रीची अशी रंगीत पुनर्रचना यॉर्कशरमध्ये झाली आहे. ती पाहिल्यावर आधी धक्काच बसतो. इतकं भडक? मग आपल्या देवळांतल्या लाकडी खांबांवरचे ताजे रंग आठवतात, आणि धक्का ओसरतो. रंग हे श्रीमंतीचं लक्षण होतं. तपकिरी ही म्हातारपणाची खूण आहे, कारागिराची निवड नव्हे.

टेंपल न्यूसमच्या त्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले असतात. पहिल्या भेटीत मला ते खटकलं होतं, एवढं काम अंधारात ठेवलंय म्हणून. दुसऱ्या खेपेला मी आपणहून खिडकीच्या वाटेतून बाजूला झालो आणि डोळे सरावेपर्यंत थांबलो. पाच-सात मिनिटांनी दारावरच्या कलशाची एक बाजू गडद, एक फिकट दिसायला लागली. वाळूत करपवलेली.

आता माझ्याकडे जडावकामाचं काही आलं की मी वरून हात फिरवत नाही. आधी सगळे खण बाहेर काढतो, बॅटरी घेऊन कडेच्या सांध्यांत, कुलपाच्या पत्र्याखाली, बिजागरीमागे पाहतो. परवा एका पेटीच्या बिजागरीखाली नखाएवढा हिरवा सापडला. मालकांना बोलावून दाखवला, मोबाइलवर फोटो काढून दिला, आणि बिजागरी होती तशी परत बसवली.